नाउरूचे हॅमर डीरोबर्ट : शाळामास्तर ते राष्ट्राध्यक्ष

खडूफळा

नमस्कार मंडळी,

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जगातलं सर्वांत लहान प्रजासत्ताक कोणतं? नाउरू, क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. मुलं पाठ करायची, एक गुण मिळवायची, विसरून जायची. त्यापुढे मीही कधी गेलो नाही. वर्गातल्या नकाशावर पॅसिफिकच्या निळ्या रंगात त्या बेटासाठी ठिपकासुद्धा नव्हता. निवृत्तीनंतर या बेटाबद्दल वाचायला घेतलं आणि एका माणसापाशी अडकलो. माणूस माझ्याच पेशातला, शाळामास्तर. पुढे त्याने तीन सरकारांशी वाटाघाटी करून आपलं बेट सोडवलं. मराठीत त्याच्याबद्दल फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी एका दगडाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथून सुरू होतं. १८९९ साली सिडनीतल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक दगड लावलेला होता. कंपनीच्याच एका माणसाने तो नाउरूहून आणला होता. जुनं लाकूड दगड झालंय असं समजून, मुलांसाठी त्याच्या गोट्या करायच्या असा त्याचा बेत होता. अल्बर्ट एलिस नावाच्या तिथल्या तरुण नोकराच्या मनात त्या दगडाबद्दल शंका आली. त्याने एक तुकडा तपासला. तो उत्तम प्रतीचा फॉस्फेटचा दगड निघाला, म्हणजे खताचा कच्चा माल.

नाउरू तेव्हा जर्मनीकडे होतं. काही वर्षांतच खोदकाम सुरू झालं. १९१४ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. १९१९च्या कराराने ब्रिटन ४२, ऑस्ट्रेलिया ४२ आणि न्यूझीलंड १६ टक्के अशी वाटणी ठरली. कारभार पाहायला 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' हे मंडळ नेमलं. ज्यांची जमीन, त्यांचा या शंभर टक्क्यांत एक टक्काही नाही. सुरुवातीला जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा.

अशा बेटावर २५ सप्टेंबर १९२२ला हॅमर डीरोबर्ट जन्मले. शाळा बेटावरच झाली, मग पुढच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या गॉर्डन इन्स्टिट्यूटमध्ये गेले. परत येऊन मास्तरकी धरली.

आणि युद्ध आलं. ऑगस्ट १९४२मध्ये जपानी सैन्य उतरलं. बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. त्यातल्या ३९ जणांना जपान्यांनी नावेत बसवून समुद्रात नेलं आणि नाव बुडवली. १९४३मध्ये १२०० नाउरूवासीयांना जहाजांत भरून जवळपास दोन हजार किलोमीटर दूर पॅसिफिकमधल्याच त्रुक बेटांवर मजुरीला नेलं. डीरोबर्ट त्यांच्यात होते, वय वीस-एकवीस. तिथे उपासमार, आजार, बाँबहल्ले. ३१ जानेवारी १९४६ला परतीचं जहाज नाउरूला लागलं तेव्हा उतरले ७३७.

मास्तर मंडळींना हजेरीची सवय असते. १२०० गेले, ७३७ आले. नाउरूची सगळी लोकसंख्याच तेव्हा दोन हजारांच्या आत होती, हे लक्षात घेतलं की हा आकडा घराघरांत कसा उतरला असेल ते कळतं. या लोकांचा 'अंगाम' नावाचा सण आहे, २६ ऑक्टोबरला. तो पिकाचा नाही, देवाचा नाही. लोकसंख्या १५००वर पोचली म्हणून १९३२मध्ये तो पहिल्यांदा साजरा झाला. त्याहून कमी झालो तर आपण समाज म्हणून टिकणार नाही, असं त्यांनी मानलं होतं. युद्धाने त्यांना त्या रेषेच्या खाली ढकललं. पुन्हा १५०० व्हायला १९४९ उजाडलं.

युद्धानंतर डीरोबर्ट शिक्षणखात्यात कामाला लागले. १९५१मध्ये जुन्या सरदारमंडळाच्या जागी निवडून आलेली स्थानिक कौन्सिल आली. १९५५मध्ये ते तिच्यावर निवडून गेले आणि १९५६मध्ये हेड चीफ, म्हणजे प्रमुख, झाले. नाव मोठं, पण अधिकार फक्त सल्ला देण्याचा. खरा कारभार ऑस्ट्रेलियन प्रशासकाचा आणि त्याहून खरा फॉस्फेटवाल्यांचा.

आता जे सांगतो त्यासाठी मी हा धागा काढलाय. आपला दगड बाहेर काय भावाने जातो, हे नाउरूच्या लोकांना माहीत नव्हतं. मंडळ आपले हिशेब त्यांना दाखवत नसे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना खत स्वस्त पडावं म्हणून माल जागतिक भावापेक्षा बराच खाली दिला जायचा, आणि त्या खालच्या भावावर मालकाची रॉयल्टी ठरायची. डीरोबर्टांनी भाषणबाजीने सुरुवात केली नाही. त्यांनी आकडे मागितले. मिळेनात, तेव्हा बाहेरचे अर्थतज्ज्ञ आणून स्वतःचे आकडे मांडले आणि ते घेऊन ते वाटाघाटीला बसले. संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळापुढेही (युद्धानंतर बेट त्याच्या देखरेखीखाली होतं) तेच केलं. सत्ता हातात नसलेल्या माणसाने गणित पक्कं करून ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ऑस्ट्रेलियाने त्यांच्यापुढे एक तोडगा ठेवला होता. फॉस्फेट संपलं की बेट राहण्यालायक उरणार नाही, तर सगळ्यांनी क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर जावं. बोलणी बरीच पुढे गेली. पण तिथे जायचं म्हणजे ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हायचं, स्वतःचं राज्य नाही. १९६४मध्ये डीरोबर्टांनी नकार कळवला.

मग १९६७चा करार झाला. २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन नाउरूने खाणी, यंत्रं, जेटी, सगळं विकत घेतलं. स्वतःच्या जमिनीतल्या खाणी, स्वतःच्याच दगडाच्या पैशातून. संरक्षण आणि परराष्ट्र खातं आपल्याकडे ठेवावं असं ऑस्ट्रेलियाच्या मनात होतं, ते त्यांनी मान्य केलं नाही. स्वातंत्र्याला तारीख निवडली ३१ जानेवारी १९६८. त्रुकहून परतल्याला त्या दिवशी २२ वर्षं झाली होती. मे महिन्यात डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी करारात सोडली नाही. स्वातंत्र्याआधी बेटाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग खणून झाला होता. ती जमीन पूर्ववत करायची जबाबदारी ज्यांनी खणली त्यांची, असं ते सतत म्हणत राहिले. समोरचे म्हणायचे, पैसे दिलेत, विषय संपला. हे म्हणायचे, खाणी आम्ही घेतल्या, जुनी बाकी आम्ही माफ केलेली नाही.

पुढचं प्रतिसादांत लिहीन.

---

शिवारकर

गुरुजी, वाचून काटा आला. आमच्याकडे ऊस आणि सोयाबीन. सुपर फॉस्फेटची पोती लहानपणापासून घरात. तो आंबूस वास, हाताला लागणारे राखाडी दाणे. हा दगड कुठून येतो हे एकदाही मनात आलं नाही. कच्चा दगड शेतात टाकला तर पिकाला पटकन लागू होत नाही, त्यावर गंधकाचं आम्ल घालून तो विरघळणारा करतात तेव्हा त्याचं सुपर होतं, एवढं माहीत होतं.

एक विचारतो. ऑस्ट्रेलियाच्या जमिनीत मुळातच स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे ना? म्हणजे त्यांचा गहू आणि मेंढ्यांची कुरणं या एवढ्याशा बेटाच्या जिवावर उभी राहिली असं म्हणता येईल का?

---

खडूफळा

शिवारकर, सगळी नाही, पण मोठा वाटा हो. नाउरू, शेजारचं बनाबा आणि हिंदी महासागरातलं ख्रिसमस बेट, या तिन्हींचा. तिन्हीकडे तेच मंडळ.

खणायची पद्धत सांगतो म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. बेटाच्या मधला उंच भाग म्हणजे प्राचीन प्रवाळाचे सुळके आणि त्या सुळक्यांच्या मधल्या फटींत भरलेलं फॉस्फेट. वरची झाडं काढायची, क्रेनच्या जबड्याने फटीतला माल उपसायचा. माल गेला की मागे सुळके उरतात, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे, काही त्याहूनही उंच. त्यावर चालता येत नाही, घर बांधता येत नाही, पेरता येत नाही. बोटी लागायला बंदर नव्हतं, कारण प्रवाळाच्या कडेपलीकडे समुद्र एकदम खोल होतो. म्हणून किनाऱ्यावरून समुद्रावर झेपावणारे लांब लोखंडी हात उभारले, त्यांवरच्या पट्ट्यावरून माल थेट जहाजात पडायचा.

माणसं राहतात ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर आणि मधल्या बुआडा तळ्याभोवती. बाकी बहुतेक बेट सुळक्यांचं.

---

नवखी

छान लिहिलंय सर. पण मला एक कळत नाहीये, रागावू नका. कर्टिस बेट नाकारणं चूक नव्हती का? तेव्हा गेले असते तर मुलाबाळांना शेती, दवाखाने, नोकऱ्या मिळाल्या असत्या. सुळक्यांच्या बेटावर राहून काय मिळवलं?

---

खडूफळा

नवखी, रागवायचं कशाला, हा प्रश्न त्या वेळी त्यांनाही पडलेलाच होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे एक उदाहरण होतं. बनाबा, आत्ताच ज्याचं नाव घेतलं ते बेट, नाउरूहून तीनेकशे किलोमीटर पूर्वेला. तिथेही तेच मंडळ, तेच फॉस्फेट, युद्धात तेच जपानी. युद्ध संपल्यावर बनाबाच्या लोकांना घरी परत नेलंच नाही. डिसेंबर १९४५मध्ये त्यांना थेट फिजीतल्या राबी बेटावर उतरवलं. ते बेट विकत घेतलं होतं त्यांच्याच रॉयल्टीच्या पैशातून. मागे बनाबावर खोदकाम निर्वेध चालू राहिलं. पुढे ते लोक लंडनच्या कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटला चालला, १९७६मध्ये निकाल लागला. सरकारने नैतिक जबाबदारी पाळली नाही असं न्यायाधीश म्हणाले, पण कायद्याने विश्वस्त म्हणून बांधता येत नाही असंही म्हणाले. राबीवर त्यांच्या हातात राज्य नव्हतं, फिजीत ते अल्पसंख्य.

डीरोबर्टांनी कर्टिसबद्दल जमीन कशी आहे हे पाहिलंच. पण मुद्दा अडला तो तिथे आमचं राज्य असेल का यावर. बारा कुळांच्या, काही हजार माणसांच्या समाजाने मोठ्या देशाच्या काठावर जाऊन राहायचं आणि आपला कारभार आपल्या हातात नाही, तर दोन पिढ्यांत नाव उरत नाही. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो.

---

हिशेबनीस

लेख आवडला. पण गुरुजी, तुम्ही निम्मी वही दाखवलीत. दुसरी निम्मी मी मांडतो.

करार १९६७चा, पण खाणी पूर्ण ताब्यात आल्या १९७०मध्ये. १९७४च्या सुमारास जगात फॉस्फेटचे भाव काही पटींनी चढले. माणशी उत्पन्न जगातल्या वरच्या देशांच्या रांगेत गेलं. आयकर नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट. इथवर उत्तम. दगड संपल्यावरच्या दिवसांसाठी फॉस्फेट रॉयल्टी ट्रस्ट काढला, हेही दूरदृष्टीचं. पण त्या ट्रस्टचा पैसा गेला कुठे? परदेशांतल्या इमारतींत, हॉटेलांत. काही हजार वस्तीच्या देशाने स्वतःची विमान कंपनी काढली, बोइंग घेतली, विमानं रिकामी उडायची. ट्रस्ट एके काळी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे होता. २००४मध्ये देणेकऱ्यांनी मालमत्तेवर जप्तीचे प्रशासक बसवले.

मी आयुष्यभर संस्थांचे हिशेब तपासले. ज्या माणसाने परक्यांकडे "आकडे दाखवा" असा धोशा लावला, त्याच्या स्वतःच्या राजवटीत ट्रस्टचा जमाखर्च लोकांपुढे नीट मांडला जात नव्हता. याला काय म्हणायचं?

---

यारातीरी

मेलबर्नहून लिहितेय. हिशेबनीसकाकांनी इमारतींचा विषय काढला म्हणून. ८० कॉलिन्स स्ट्रीटवरची ५२ मजली इमारत, १९७७ची. बरीच वर्षं तिचं नाव नाउरू हाउस होतं. उभी राहिली तेव्हा शहरातल्या सगळ्यांत उंच इमारतींपैकी ती एक होती. मी रोज ट्रामने तिच्यावरून जाते. अष्टकोनी, फिकट रंगाची. आज तिच्यापाशी उभं राहून कुणाला विचारलं तर नाउरूशी तिचा काय संबंध ते सांगता येणार नाही. ट्रस्टच्या हातून ती २००४मध्ये गेली.

मला मात्र त्या इमारतीबद्दल राग येत नाही. मला वाटतं, ज्या शहरातल्या कचेऱ्यांत बसून आपल्या दगडाचा भाव ठरवला जायचा, त्याच शहराच्या मध्यावर आपली इमारत असावी, असं त्यांना वाटलं असणार. आपल्याकडे सावकाराच्या वाड्यासमोर माडी बांधणारे लोक मी पाहिलेत. ती भावना मला समजते.

---

हिशेबनीस

यारातीरीताई, भावना मलाही समजते. पण माडी बांधली आणि विहीर बुजली तर पुढची पिढी काय पिणार? मी डीरोबर्टांना लबाड म्हणत नाहीये, हे स्पष्ट करतो. सगळ्यांत वाईट व्यवहार ते गेल्यानंतरच्या वर्षांतले आहेत, हेही मान्य. पण सवय त्यांच्या काळात लागली. १९६८ ते १९८९मधली बहुतेक वर्षं एकच माणूस सर्वोच्च पदावर. संसदेत १८ सभासद. राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचाही प्रमुख. प्रश्न विचारणार कोण?

---

खडूफळा

हिशेबनीस, तुमचं बरचसं मला मान्य आहे, आणि मी ते टाळणार नव्हतो. एक दुरुस्ती फक्त. प्रश्न विचारणारे होते. डिसेंबर १९७६मध्ये बर्नार्ड डोवियोगो या तिशीतल्या तरुणाने त्यांना संसदेत हरवून राष्ट्राध्यक्षपद घेतलं. डीरोबर्टांनी सैन्य बोलावलं नाही (नाउरूकडे सैन्यच नाही), संसद गुंडाळली नाही. विरोधी बाकावर बसले आणि १९७८मध्ये संसदेच्या मतावरच परत आले. १९८९मध्ये अविश्वास ठराव झाला, पायउतार झाले. त्या काळात नव्याने स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांत पहिला नेता मरेपर्यंत किंवा बंदुकीने काढेपर्यंत हलला नाही. एवढा एक रकाना त्यांच्या जमेला घाला.

पण ट्रस्टच्या पारदर्शकतेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. मास्तर म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं. चांगला मास्तर वर्गाला उदाहरण सोडवून दाखवतो आणि मग खडू मुलांच्या हातात देतो. यांनी खडू हातातच ठेवला. बेटावर शिकलेली माणसं मोजकी, बाहेरचे सल्लागार भरपूर, आणि सही करणारा एक. यात सल्लागारांचं फावलं.

---

झुआरीकाठ

वास्कोहून नमस्कार. मी गप्प वाचत होतो, पण आता लिहिलंच पाहिजे, कारण हा धागा आमच्या दारात येऊन पोचतोय आणि कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

ओडिशातल्या पारादीप बंदरावर खताचा मोठा कारखाना आहे, पारादीप फॉस्फेट्स. १९८१मध्ये ती कंपनी निघाली तेव्हा तिचे भागीदार दोन होते : भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक. होय, तेच २१ चौरस किलोमीटरचं नाउरू. तेव्हा राष्ट्राध्यक्ष डीरोबर्टच. १९९३च्या सुमारास नाउरू त्यातून बाहेर पडलं आणि कंपनी पूर्ण भारत सरकारची झाली. २००२मध्ये सरकारने मोठा हिस्सा विकला, तो घेणाऱ्यांत आमचा गोव्याचा झुआरी उद्योगगट होता. आणि २०२२मध्ये उलटं चक्र फिरलं, आमच्या सांकवाळचा झुआरीचा खत कारखानाच पारादीपने घेतला. लहानपणापासून झुआरीच्या 'जयकिसान' खताची पोती भरलेले ट्रक याच कारखान्यातून बाहेर पडताना पाहिलेत. त्या कारखान्याच्या आजच्या मालक कंपनीच्या जन्मदाखल्यावर नाउरूचं नाव आहे.

म्हणजे हिशेबनीसबाब, सगळा पैसा हॉटेलांत गेला नाही. दगड विकणाऱ्या देशाने दगडापासून खत करण्याच्या धंद्यात भांडवल घालायचं ठरवलं, हा विचार शहाणपणाचा होता. टिकला नाही, ते वेगळं.

दुसरं. गोव्यात खाणी म्हणजे काय ते आम्हाला शिकवायला नको. डिचोली, सांगेकडे जाऊन बघा, डोंगर कापून लाल खड्डे झालेत, पावसात पाणी भरतं. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के एका कायम निधीत टाकायचा आदेश दिला, येणाऱ्या पिढ्यांसाठी. नाउरूने तसला निधी स्वातंत्र्याबरोबरच काढला होता. म्हणून मला त्यांची गोष्ट परकी वाटत नाही. निधी काढणं सोपं. मुद्दलाला हात लावायची वेळ आली की "नको" म्हणणारा कुणीतरी बाहेरचा, स्वतंत्र माणूस लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता.

---

शिवारकर

झुआरीकाठ, हे भारीच. उद्या सोसायटीच्या गोडाऊनमध्ये पोती उलटी करून कंपनीचं नाव बघतो.

---

हिशेबनीस

झुआरीकाठ, पारादीपचं मला माहीत नव्हतं. माझा आकडा एकांगी होता, दुरुस्त करतो. बाहेरच्या स्वतंत्र माणसाबद्दल तुम्ही म्हणालात तेच माझंही म्हणणं.

---

नवखी

सर, त्या जुन्या बाकीचं काय झालं? खणलेल्या जमिनीचं? तुम्ही म्हणालात पुढे लिहीन.

---

खडूफळा

लिहितो, नवखी. तीच तर माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

वर्षं जात होती. डीरोबर्टांना आता 'सर' हा ब्रिटिश किताब मिळाला होता, ते पॅसिफिकमधल्या वडीलधाऱ्या नेत्यांत मोजले जात होते. १९७१मध्ये वेलिंग्टनला साउथ पॅसिफिक फोरमची पहिली बैठक झाली, तिच्या संस्थापक देशांत नाउरू होतं. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकचे ते काही काळ कुलपती होते. बेटावरच्या शाळेतला मास्तर सगळ्या पॅसिफिकच्या विद्यापीठाचा कुलपती होतो, याचा मला फार आनंद वाटतो. १९८२मध्ये आसपासच्या बेटांनी टूना माशांच्या हक्कांसाठी एकत्र येऊन करार केला, तो 'नाउरू करार' म्हणून ओळखला जातो. एकेकट्याने मोठ्या देशांच्या बोटींशी भांडण्यापेक्षा सगळ्यांनी एक दर ठरवायचा. आज त्या बेटांचं मोठं उत्पन्न त्या रचनेतून येतं.

पण सुळके तसेच होते. ऑस्ट्रेलियाचं उत्तर तेच : विषय संपलेला आहे. डिसेंबर १९८६मध्ये नाउरूने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री, तेव्हा मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात प्राध्यापक. दोन वर्षं त्यांनी जुने करार, हिशेब, पत्रव्यवहार उपसला. अहवाल झाला दहा खंडांचा. निष्कर्ष : स्वातंत्र्याआधी खणलेल्या जमिनीची जबाबदारी कारभार करणाऱ्या तीन सरकारांची. तीस वर्षांपूर्वी एका हेड चीफने ज्यासाठी आकडे मागितले होते, ते आता दहा खंडांत बांधलेले होते.

१९ मे १९८९ला नाउरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. ऑगस्टमध्ये डीरोबर्टांचं पद गेलं. म्हणजे दावा दाखल करणं हे त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक. काही हजार माणसांचा देश एका खंडाएवढ्या देशाला कोर्टात खेचतो, तेही त्या न्यायालयाला लागणारी सगळी कागदपत्रं घेऊन. ऑस्ट्रेलियाने आक्षेप घेतले. खटला चालवण्यालायकच नाही, फार उशीर झालाय, ब्रिटन आणि न्यूझीलंड पक्षकार नाहीत, १९६७च्या कराराने सगळं मिटलंय.

२६ जून १९९२ला न्यायालयाने निर्णय दिला. फॉस्फेट मंडळाच्या परदेशांत शिल्लक राहिलेल्या मालमत्तेबद्दलचा एक मुद्दा सोडला, तर बाकी दावा चालवण्यालायक आहे.

१५ जुलै १९९२ला हॅमर डीरोबर्ट मेलबर्नमध्ये वारले. मध्ये एकोणीस दिवस.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९३मध्ये, ऑस्ट्रेलियाने कोर्टाबाहेर तडजोड केली. १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले ५ कोटी ७० लाख रोख आणि बाकीचे वीस वर्षांत दरवर्षी २५ लाख. ब्रिटन आणि न्यूझीलंडने प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा ऑस्ट्रेलियाला दिला. म्हणजे ४२, ४२ आणि १६ टक्के घेणाऱ्या तिघांनाही शेवटी खिशात हात घालावा लागला. नाउरूच्या बाजूने सही करणारे होते बर्नार्ड डोवियोगो. १९७६मध्ये डीरोबर्टांना हरवणारे तेच.

---

यारातीरी

एकोणीस दिवस. त्यांना निकाल कळला असेल ना हो सर?

---

खडूफळा

तुमच्याच शहरात होते ते शेवटी, ताई. निकालाची बातमी तिथे पोचलीच असणार.

---

झुआरीकाठ

सुळके अजून उभे आहेत का?

---

खडूफळा

बहुतेक ठिकाणी हो. काही भागात सुळके फोडून सपाटीकरण केलंय, फोडलेला दगड बांधकामाला वापरतात. वरची माती नाही, ती आणायची कुठून हा प्रश्न आहे. मोकळ्या सुळक्यांमध्ये मात्र टोमानोची झाडं, त्यांच्या भाषेत 'इयो', कुठे कुठे आपणहून रुजलीत. आपल्या कोकण किनाऱ्यावरची उंडी, तेच ते झाड.

---

शिवारकर

आमच्या मावशीच्या अंगणात दापोलीला आहे उंडी. तेल काढायचे पूर्वी, दिव्याला.

पोतं बघितलं सकाळी. पारादीपचंच निघालं.